क्षार विरघळताना पाणी गार का पडतं? विचरणाचा ऊर्जेचा हिशेब

मृगशीर्ष

नमस्कार मंडळी. मी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेत द्रावणं करायला दिली होती. एका मुलीने पोटॅशिअम क्लोराइड विरघळवलेलं चंचुपात्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "बाई, हे गार पडलंय." मी सांगितलं की स्फटिक सुटा व्हायला ऊर्जा लागते, ती पाण्यातून घेतली गेली. त्यावर तिने विचारलं, "पण मग तो सुटा होतोच कशाला? ज्याला ऊर्जा घालावी लागते ते आपोआप कसं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तासाची घंटा झाली आणि विषय तिथेच राहिला, पण तो प्रश्न मला सोडत नाहीये. मी शिकले तेव्हाच्या वहीत वाक्य आहे: "जलयोजनातून सुटणारी ऊर्जा जालक ऊर्जेपेक्षा जास्त असेल तर क्षार विरघळतो." म्हणजे पाण्याने आयनांना वेढल्यावर मिळणारी ऊर्जा स्फटिक फोडायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त हवी. हे खरं मानलं तर विरघळणारा प्रत्येक क्षार पाणी गरम करेल. समोरचं चंचुपात्र तर थंडगार होतं.

मला तिला नीट उत्तर द्यायचंय. सविस्तर लिहिलंत तरी चालेल, मी सगळं वाचेन.

पुनर्वसु

तुमच्या विद्यार्थिनीने अगदी वर्मावर बोट ठेवलंय. तुमच्या वहीतलं ते वाक्य बऱ्याच जणांच्या वहीत असतं आणि ते चूक आहे. जरा लांबण लावतो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. "पाण्यात गेल्यावर क्षाराचे आयन होतात" असं आपण सहज म्हणतो. आयन आधीपासूनच असतात. मिठाच्या स्फटिकात सोडियम क्लोराइडचा सुटा रेणू असा नसतोच. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, अशी ती रचना सगळीकडे पसरलेली असते. पाणी आयन तयार करत नाही, एकमेकांना धरून बसलेल्या आयनांना सोडवतं. विचरण ते हेच.

आता हिशेब. एक मोल सोडियम क्लोराइडचा स्फटिक पार फोडून सगळे आयन वायुरूपात एकमेकांपासून दूर न्यायचे तर साधारण ७८७ किलोज्यूल लागतात. ही जालक ऊर्जा. तेच आयन पाण्यात सोडले की पाण्याचे रेणू त्यांना वेढतात. ऑक्सिजनची बाजू सोडियमकडे, हायड्रोजनची बाजू क्लोराइडकडे. यातून साधारण ७८३ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे दोन प्रचंड आकडे जवळजवळ एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतात जेमतेम ४ (नेमकं मोजलं तर ३.९) किलोज्यूल, आणि तेही आपल्याच खिशातून जाणारे. तुमच्या पोटॅशिअम क्लोराइडला ७१७ लागतात, ७०० मिळतात, १७ कमी पडतात. पात्र गार पडलं ते या १७ मुळे.

मग तो विरघळतो का? कारण एखादी गोष्ट आपोआप घडेल की नाही हे एकटी एन्थाल्पी (घेतलेल्या-दिलेल्या उष्णतेचा वरचा हिशेब) ठरवत नाही. स्थिर तापमान आणि दाबाला ते ठरवतो मुक्त ऊर्जेतला बदल, म्हणजे एन्थाल्पीतला बदल वजा तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला बदल. मुक्त ऊर्जा घटत असेल तर गोष्ट आपोआप घडते. स्फटिकात एकेका जागी बांधलेले आयन द्रावणभर पसरले की त्यांच्या मांडणीचे शक्य प्रकार अफाट वाढतात, म्हणजेच एन्ट्रॉपी वाढते. पोटॅशिअम क्लोराइडसाठी ही वाढ मोलमागे प्रति केल्विन सुमारे ७६ ज्यूल आहे. २९८ केल्विनने गुणलं की २२.८ किलोज्यूल. १७.२ मधून २२.८ वजा करा, उत्तर उणे ५.६. मुक्त ऊर्जा घटली, क्षार विरघळला, आणि लागणारी उष्णता त्याने पाण्याकडून घेतली.

तेव्हा तिला सांगा की "आपोआप" याचा अर्थ "ऊर्जा बाहेर टाकून" असा होत नाही.

ओलीवाळू

पुनर्वसु, खूप छान. शब्दांबद्दल एक भर. विचरण आणि आयनीभवन हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. हायड्रोजन क्लोराइड वायूत आयन नसतात, तिथे सहसंयुज बंध असतो. तो पाण्यात गेला की रेणूतून आयन *तयार* होतात, ते आयनीभवन. क्षारात असलेले आयन सुटे होतात, ते विचरण. शिकवताना हा फरक पहिल्याच दिवशी करावा असं माझं ठाम मत आहे, नाहीतर पुढे ऊर्जेचा हिशेब कुठून सुरू करायचा तेच कळत नाही.

आणि सुटं होण्यासाठी पाणीच हवं असंही नाही. सोडियम क्लोराइड ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्या वितळलेल्या द्रवातून वीज उत्तम वाहते. तिथे आयनांना मोकळं करण्याचं काम निव्वळ उष्णता करते. पाणी तेच काम खोलीच्या तापमानाला करतं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

दीपमाळ

ओलीवाळूंच्या मुद्द्याला इतिहासाचा आधार आहे. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ आऱ्हेनियसने १८८४ मध्ये उप्सालाला विद्युत अपघटनी (वीज वाहून नेणाऱ्या) द्रावणांवर प्रबंध दिला, त्याला अगदी सामान्य श्रेणी मिळाली. पुढे त्याने विचरणाची कल्पना स्पष्ट मांडली तेव्हा आक्षेप असा होता की सोडियम तर पाण्याला भिडताच पेट घेतो, मग मिठाच्या पाण्यात सुटा सोडियम शांतपणे कसा राहील? अणू आणि आयन यांतला फरक तेव्हा लोकांच्या अंगवळणी पडलेला नव्हता. त्याच कामासाठी त्याला १९०३ चं नोबेल मिळालं.

पण त्याचंही एक चुकलं होतं. त्याच्या मते तीव्र अपघटनीसुद्धा अंशतःच विचरित होतात. क्षारात मुळात आयनच असतात हे ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ च्या सुमारास क्ष-किरणांनी मिठाची रचना उलगडली तेव्हा दिसलं. आणि १९२३ मध्ये डिबाय आणि ह्युकेल यांनी दाखवलं की विचरण पूर्ण असलं तरी आयन एकमेकांना ओढत राहतात, म्हणून द्रावण "कमी आयन असल्यासारखं" वागतं.

कवडसा

प्रश्न कदाचित बाळबोध असेल. स्फटिक म्हणजे शिस्त, द्रावण म्हणजे विस्कळीतपणा. म्हणजे विरघळताना एन्ट्रॉपी नेहमीच वाढणार. मग तापमान थोडं वाढवलं की प्रत्येक क्षार विरघळायला हवा. तसं तर होत नाही ना?

पुनर्वसु

कवडसा, बाळबोध अजिबात नाही. तुमचा "नेहमीच" हा शब्द तेवढा चुकला. सावली या विषयावर काम करतात, त्यांनी लिहावं.

सावली

लिहिते. या सगळ्या विषयात मला सर्वात प्रिय असलेली गोष्ट हीच आहे.

आपण एन्ट्रॉपी मोजताना आयनांकडेच बघतो आणि पाण्याला नुसतं भांडं समजतो. पाणी या व्यवहारात पुरतं सामील असतं. आयन सुटा झाला की त्याचं स्वातंत्र्य वाढतं, पण त्याच्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूंचं कमी होतं. ते एरवी क्षणोक्षणी दिशा बदलत असतात, आता आयनाकडे तोंड करून बसतात. कोणाचं पारडं जड होईल हे आयनाच्या आकारावर आणि प्रभारावर ठरतं.

पोटॅशिअम, सीझिअम, आयोडाइड, नायट्रेट हे मोठे, एकेरी प्रभाराचे आयन. त्यांच्या पृष्ठभागाशी विद्युतक्षेत्र क्षीण असतं, पाण्यावर पकड सैल. उलट मॅग्नेशिअम घ्या. आकाराने लहान, प्रभार दोन. तो सहा पाण्याचे रेणू अष्टफलकाच्या कोपऱ्यांवर घट्ट धरतो. सोडियमभोवतीचं पाणी डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी, सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी वेळात बदलतं, तर मॅग्नेशिअमभोवतीचा रेणू मायक्रोसेकंदांपर्यंत जागचा हलत नाही. रेणूंच्या जगात मायक्रोसेकंद म्हणजे फार मोठा काळ.

आता निर्जल मॅग्नेशिअम सल्फेटचे आकडे बघा. विरघळताना मोलमागे ९१ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, पाणी चांगलं तापतं. आणि एन्ट्रॉपी? प्रति केल्विन सुमारे २१० ज्यूलने घटते. स्फटिक मोडला, आयन द्रावणभर पसरले, तरी एकूण मोकळीक कमी झाली, कारण पाणी जखडलं गेलं. २९८ केल्विनला त्याचा दंड साडेबासष्ट किलोज्यूल. ९१ मधून तो भरला तरी २९ च्या आसपास उरतात, म्हणून हा क्षार सहज विरघळतो.

हे जखडणं आकारमानातही दिसतं. खूप पाण्यात थोडं निर्जल मॅग्नेशिअम सल्फेट घातलं तर द्रावणाचं आकारमान मूळ पाण्यापेक्षा किंचित कमी भरतं. घन पदार्थ आत गेला आणि एकूण जागा कमी लागली! आयनांनी पाणी आवळून घेतलं. विद्यार्थी असताना मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक समजले होते.

कॅल्शिअम सल्फेटकडे या. निर्जल रूपाला विरघळताना १८ किलोज्यूल बाहेर पडतात. मृगशीर्ष, तुमच्या वहीतल्या वाक्याप्रमाणे याने भसाभसा विरघळायला हवं. पण एन्ट्रॉपीचा दंड जवळजवळ ४२ आहे. मुक्त ऊर्जा अधिक २४ वर जाते आणि क्षार जेमतेम विरघळतो. पोटॅशिअम क्लोराइड उष्णता घेतं आणि विरघळतं, कॅल्शिअम सल्फेट उष्णता देतं आणि विरघळत नाही. ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की ते वाक्य दोन्ही बाजूंनी पडतं.

कवडसा

सावली, आकारमान घटण्याचं वाचून थक्क झालो. धन्यवाद. वाचनखूण साठवली.

तिठा

सावलींच्या सुंदर प्रतिसादात एका शब्दावर मला आक्षेप आहे. "मुक्त ऊर्जा अधिक २४, म्हणून विरघळत नाही" असं वाचणाऱ्याच्या मनात बसेल. प्रमाण मुक्त ऊर्जेचं चिन्ह "विरघळतो की नाही" हे सांगत नाही. ती सांगते की *एक मोल प्रति किलो* अशा संहतीच्या आदर्श द्रावणाच्या तुलनेत घन कुठे उभा आहे. अधिक चिन्हाचा अर्थ एवढाच की तेवढी संहती गाठायच्या खूप आधी समतोल येईल. शुद्ध पाण्यात पहिला आयन सोडण्याची ओढ कोणत्याही क्षाराला अमर्याद असते, कारण अतिविरल द्रावणात मिसळण्याची एन्ट्रॉपी झपाट्याने वाढते. म्हणून शून्य विद्राव्यतेचा क्षार अस्तित्वातच नाही.

सिल्व्हर क्लोराइड घ्या. एन्थाल्पी अधिक ६५.५, एन्ट्रॉपीतून परत मिळतात १० च्या आसपास, मुक्त ऊर्जा अधिक ५५.७. यावरून विद्राव्यता गुणाकार (संपृक्त द्रावणातल्या दोन्ही आयनांच्या संहतींचा गुणाकार) येतो १.८ गुणिले दहाचा उणे दहावा घात. म्हणजे लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम. थोडं, पण शून्य नाही. इथे स्फटिकच जबरदस्त आहे. चांदीचा आयन सोडियमपेक्षा थोडा मोठाच, तरी जालक ऊर्जा नऊशेच्या वर जाते, कारण चांदी आणि क्लोरीन यांच्यात निव्वळ विद्युत आकर्षणापलीकडे थोडा सहसंयुज बंधही असतो.

सावली

तिठा, मान्य. "१ मोलच्या पातळीपर्यंत विरघळत नाही" असं लिहायला हवं होतं. दुरुस्ती केल्याबद्दल आभार.

तिठा

आभार कसले, आता माझ्या आवडीचा एक पडताळा. सोडियम क्लोराइडची प्रमाण मुक्त ऊर्जा उणे ९.० (एन्थाल्पी ३.९, एन्ट्रॉपीचा भाग १२.९). २९८ केल्विनला समतोल स्थिरांक काढला तर साधारण ३८ येतो. आता उलट बाजूने या. संपृक्त द्रावणात किलोभर पाण्यात ६.१५ मोल मीठ असतं. सोडियमची संहती गुणिले क्लोराइडची संहती, म्हणजे ६.१५ चा वर्ग, ३७.८. जुळलं! एक आकडा उष्णतामापीतून आणि तक्त्यांतून आलेला, दुसरा तराजूवर मीठ तोलून आलेला.

यात सुदैवाचा एक भाग आहे, तो लपवत नाही. संहती थेट वापरणं चूक असतं, तिला क्रियाशीलता गुणांकाने (आयन प्रत्यक्षात किती प्रभावी आहेत ते सांगणाऱ्या आकड्याने) गुणावं लागतं. मिठासाठी ०.१ मोल प्रति किलोला तो ०.७८ असतो, एक मोलच्या आसपास ०.६६ पर्यंत उतरतो आणि मग पुन्हा चढत संपृक्ततेजवळ जवळपास १ होतो. उतरतो तो दीपमाळ यांनी सांगितलेल्या आकर्षणामुळे. चढतो कारण इतक्या गर्दीत मोकळं पाणीच कमी पडायला लागतं, बरंचसं पाणी आयनांच्या सेवेत गुंतलेलं असतं. दोन परिणाम नेमके संपृक्ततेपाशी एकमेकांना भरून काढतात, म्हणून आपला साधा वर्ग चालून जातो. दुसऱ्या क्षाराला असं करून बघाल तर फसाल.

परीक्षानळी

एक प्रश्न मला कित्येक वर्षं पडलेला आहे. पाणीच का? हेक्झेनमध्ये मीठ का विरघळत नाही? "समान समानात विरघळतं" हे पाठ आहे, पण ते उत्तर वाटत नाही, प्रश्नच वेगळ्या शब्दांत मांडल्यासारखा वाटतो.

पुनर्वसु

बरोबर वाटतं तुम्हाला. कूलोंबच्या नियमाने आकडे काढू. स्फटिकात सोडियम आणि क्लोराइडच्या केंद्रांतलं अंतर ०.२८२ नॅनोमीटर. निर्वातात एवढ्या अंतरावरच्या एका जोडीला वेगळं करायला मोलमागे ४९३ किलोज्यूल लागतात. द्रावकात हा आकडा त्याच्या परावैद्युत स्थिरांकाने (द्रावक प्रभारांमधलं आकर्षण किती पटीने कमी करतो ते सांगणाऱ्या आकड्याने) भागला जातो. पाण्याचा स्थिरांक २५ अंशांना ७८, म्हणजे उरले ६.३. औष्णिक धडपडीची पातळी त्याच तापमानाला २.५ च्या आसपास असते. अंतर ०.७ नॅनोमीटर झालं की आकर्षण आणि धडपड समसमान. पाण्याचे दोनतीन रेणू मध्ये आले की आयन एकमेकांना विसरायला मोकळे.

हेक्झेनचा स्थिरांक १.९. तिथे उरतात जवळजवळ २६०. औष्णिक धडपड त्याच्या शंभराव्या भागाइतकीच, मग कोण सोडवणार? इथेनॉल मध्ये कुठेतरी, २४. म्हणून त्यात मीठ नाममात्र विरघळतं.

(हा ढोबळ हिशेब आहे. आयनाला खेटून असलेलं पाणी हा काही अखंड, एकसारखा माध्यमपदार्थ नव्हे, तिथे ७८ हा आकडा लावणं धाडसाचं आहे. पण दिशा बरोबर दाखवतो.)

सावली

पुनर्वसुंच्या हिशेबाला एक शेपूट जोडते, कारण ते फार कमी ठिकाणी सांगितलं जातं.

पाण्याचा परावैद्युत स्थिरांक तापमानाबरोबर घसरतो. ० अंशांना ८८, १०० ला साधारण ५५.६. रेणू जास्त हलले की आयनाच्या क्षेत्राप्रमाणे वळून राहणं त्यांना जमत नाही. ही घसरण इतकी तीव्र आहे की तिच्यातून एक उफराटा निष्कर्ष निघतो. पाण्यातले दोन विरुद्ध प्रभाराचे आयन जवळ येतात तेव्हा मुक्त ऊर्जा घटते, पण ती एन्थाल्पीमुळे नाही, एन्ट्रॉपीमुळे. आयन जवळ आले की त्यांची क्षेत्रं एकमेकांना झाकतात, वेठीला धरलेलं पाणी सुटतं, आणि त्या सुटकेची एन्ट्रॉपी त्यांना एकत्र ठेवते. मॅग्नेशिअम सल्फेटच्या द्रावणात आयनांच्या जोड्या होतात त्या अशाच, उष्णता *घेऊन*. म्हणून ०.१ मोल प्रति किलोच्या द्रावणात गोठणबिंदूची घट मोजली तर दर मोलमागे २ कणांऐवजी १.२ कण असल्यासारखी दिसते. मिठासाठी तोच आकडा १.८७ येतो.

टोकाला नेलं तर आणखी गंमत. पाणी ३७४ अंशांच्या पलीकडे, क्रांतिक बिंदूच्या वर नेलं की स्थिरांक दहाच्या खाली येतो आणि विरघळलेले क्षार अवक्षेप होऊन बाहेर पडतात. पाणीच ते, पण आयन सोडवायची ताकद गेलेली.

ओलीवाळू

म्हणजे तापवलं की जास्त विरघळतं हा नियम नाहीच तर. ला शातेलिएचं तत्त्व लावून मी मुलांना सांगतो: उष्णता घेऊन विरघळणारा क्षार तापवल्यावर जास्त विरघळेल, उष्णता देऊन विरघळणारा कमी. पोटॅशिअम नायट्रेट ० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात १३ ग्रॅम, १०० अंशांना २४० च्या वर. त्याची एन्थाल्पी अधिक ३५. मिठाची ३.९, म्हणून ते ० ते १०० अंशांत ३५.७ वरून जेमतेम ३९ पर्यंत जातं. तत्त्व चोख लागू पडतं. पण सोडियम हायड्रॉक्साइड? विरघळताना ४४ किलोज्यूल बाहेर टाकतं, हात भाजतो. तरी तापवल्यावर जास्तच विरघळतं. हा अपवाद मुलांना कसा समजावायचा?

तिठा

हा अपवाद नाही, ओलीवाळू. आपण चुकीची एन्थाल्पी लावतोय. तक्त्यात जी एन्थाल्पी असते ती *निर्जल* घन *भरपूर* पाण्यात विरघळवल्याची. विद्राव्यतेचा प्रश्न मात्र संपृक्त द्रावणाचा आहे. तिथे समतोलात बसलेला घन कोणता, आणि जवळजवळ संपृक्त द्रावणात त्याचा आणखी एक कण टाकला तर उष्णता घेतली जाते की दिली जाते, हे बघायचं. सोडियम हायड्रॉक्साइडच्या संपृक्त द्रावणाशी खोलीच्या तापमानाला समतोलात असतो तो निर्जल घन नव्हे, त्याचा एक रेणू पाणी धरलेला हायड्रेट. तुमचा हात भाजला ती बरीचशी उष्णता कोरड्या घनाला पाणी मिळाल्याची. त्या हायड्रेटसाठी संपृक्ततेपाशी चिन्ह उलटं असतं. ला शातेलिए शाबूत आहे.

याचा सर्वात देखणा दाखला म्हणजे सोडियम सल्फेट. दहा रेणू पाणी धरलेला स्फटिक विरघळताना मोलमागे ७९ किलोज्यूल घेतो. त्यामुळे ० अंशांपासून विद्राव्यतेचा आलेख सरळ उभा चढत जातो, १०० ग्रॅम पाण्यात ५ ग्रॅमवरून ५० ग्रॅमच्या जवळ. ३२.४ अंशांना तो स्फटिक आपलं पाणी टाकतो आणि तिथून पुढे समतोलात येतो निर्जल घन. त्याची एन्थाल्पी उणे २.४. आलेख तिथेच कोन करून खाली वळतो आणि १०० अंशांना साडेबेचाळीसवर येतो. एकच क्षार, एकच पाणी. घन बदलला, चिन्ह बदललं, उतार बदलला. आलेखाचा हा कोपरा मुलांना स्वतः काढू द्या.

ओलीवाळू

इतकी वर्षं "अपवाद" म्हणून सांगत आलो. पुढच्या तुकडीला सोडियम सल्फेटचा आलेख नक्की काढायला लावतो. मनापासून आभार.

मृगशीर्ष

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. काल तास संपल्यावर त्या मुलीला थांबवून घेतलं आणि आम्ही दोघींनी मिळून मोजलं. थर्माकोलचा झाकणाचा पेला, १०० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम पोटॅशिअम क्लोराइड. तापमान २७.० वरून २१.७ वर आलं. ५.३ अंशांची घट.

तिने हिशेब केला: १०० ग्रॅम गुणिले ४.१८ गुणिले ५.३, म्हणजे २२१५ ज्यूल. १० ग्रॅम म्हणजे ०.१३४ मोल. भागाकार केला तर मोलमागे १६.५ किलोज्यूल. पुनर्वसुंचा आकडा १७.२ होता. पेल्यातून थोडी उष्णता आत आली असणार हे तिनेच सांगितलं.

तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते इथे लिहून सांगता येणार नाही. नंतर मीच घोळ घातला. तिला म्हटलं, "द्रावण तर ११० ग्रॅम आहे, मग ११० ने गुणायला हवं." तसं केलं तर १८.२ येतात, म्हणजे खऱ्या आकड्याच्याही पुढे. उष्णता बाहेरून आत येत असताना उत्तर जास्त येणं मला पटत नाही. तिचे १०० बरोबर की माझे ११०?

सावली

मृगशीर्ष, तिचे १०० बरोबर. आणि कारण याच धाग्यात दडलंय.

११० ने गुणताना तुम्ही गृहीत धरलंत की द्रावणाची विशिष्ट उष्माधारकता (एक ग्रॅम एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) पाण्याइतकीच, ४.१८ आहे. ती तशी नसते. पाण्याची उष्माधारकता इतकी मोठी आहे, कारण तापवताना बरीचशी ऊर्जा रेणूंमधले हायड्रोजन बंध सैल करण्यात खर्च होते. आयनांनी वेढून घेतलेलं पाणी त्या जाळ्यातून बाहेर पडलेलं असतं, ते आधीसारखी उष्णता पीत नाही. त्यामुळे पोटॅशिअम क्लोराइड घातल्यावर एकूण उष्माधारकता वाढायच्या ऐवजी घटते. तुमच्या पेल्यातल्या ११० ग्रॅम द्रावणाची सुमारे ४१० ज्यूल प्रति अंश असेल, तर नुसत्या १०० ग्रॅम पाण्याची ४१८. दहा ग्रॅमची भर पडूनही धारकता कमी.

४१० धरलं तर मोलमागे १६.२ येतात. उरलेला एक किलोज्यूल पेल्याच्या भिंतीतून आणि झाकणातून आला. वेळेबरोबर तापमान नोंदवून रेष मागे वाढवली की तोही बराचसा हाती लागेल.

मृगशीर्ष

समजलं. सोमवारी पुन्हा मोजतो आहोत, या वेळी दर अर्ध्या मिनिटाला तापमान टिपून. तिने विचारलंय की मॅग्नेशिअम सल्फेटने आकारमान घटतं ते मोजनळीत दिसेल का.

सावली

मोजनळीत नाही दिसणार, घट फार थोडी असते. अरुंद मानेचा आकारमापी चंबू घ्या, लिटरभराचा. निर्जल क्षार आधी तापवून कोरडा करा, नाहीतर त्याने हवेतलं पाणी धरलेलं असतं आणि ते हिशेबात येतं. क्षार अगदी थोडा घ्या, सहा-सात ग्रॅमच, कारण जास्त झाला की परिणाम उलटतो आणि आकारमान वाढायला लागतं. आणि वाचन घ्यायच्या आधी तापमान पुन्हा मूळ जागी येऊ द्या. क्षार विरघळताना पाणी तापेल, तापून फुगेल, आणि ते फुगणं तुम्ही शोधताय त्या घटीपेक्षा मोठं असू शकेल.